वेफर्सवाल्याची रिंग

वहिनींना वस्तूंची नावं उलटी करायची सवय लागली ती नोकरीत, पण तिचा ताप झाला घराला. स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या आल्या: ‘साखर, बारीक’, ‘साखर, जाड’, ‘पीठ, गव्हाचं, ताजं’, ‘पीठ, गव्हाचं, आधी संपवायचं’. आधी वस्तू, मग जात, मग माप. कात्री हरवली तर घरात कुणी “कात्री कुठंय?” असं विचारायचं नाही. “कात्री, मोठी, की कात्री, नखांची?” असा उलट सवाल यायचा. नवऱ्याने एकदा वैतागून विचारलं, “माझ्या पाठीवर काय चिकटवणार आहेस?”

“नवरा, मध्यम, वापरलेला,” वहिनी म्हणाल्या. “पर्यायी माल उपलब्ध नाही.”

नवरा टेम्पो चालवायचा. ज्या दुकानाचा टेम्पो तो चालवायचा, त्याच दुकानात वहिनी कामाला होत्या, म्हणून त्या सगळ्या दुकानाच्या वहिनी. दुकान तीन मजली, आणि तिन्ही मजल्यांवर यंत्रांचे सुटे भाग. पंप, गिरण्या, शिवणयंत्रं, लिफ्टची दारं, जे जे म्हणून फिरतं, सरकतं किंवा गळतं, त्याचा एखादा तुकडा तिथे मिळायचाच. फक्त तो सापडायला हवा.

आणि तो सापडायचा अण्णांना. अण्णा म्हणजे वहिनींचे थोरले दीर. बत्तीस वर्षं त्यांनी ते गोडाऊन सांभाळलं आणि आलेल्या प्रत्येक मालाचं बारसं स्वतः केलं. त्यांच्या वहीत ‘पाववाल्याचा पट्टा’ होता, ‘लिफ्टवाल्याचं रडकं चाक’ होतं, ‘मालकांच्या मेव्हण्याने परत केलेला व्हाल्व’ होता, आणि त्याच्याच खाली ‘तसलाच पण छोटा’ होता. अण्णा निवृत्त झाले आणि धाकट्या मालकांनी ती अख्खी वही जशीच्या तशी संकेतस्थळावर चढवली. आता घरबसल्या माल शोधा, घरबसल्या मागवा! गिऱ्हाइकांनी ‘बेअरिंग’ असं टाइप केलं, तेव्हा अकरा बेअरिंगं सापडली. गोडाऊनमध्ये होती सहाशे चाळीस. बाकीची ‘गोळ्यांचं चाक’, ‘बॉलवालं’ आणि ‘तसलंच पण छोटं’ अशा टोपणनावांनी लपून बसली होती.

मग धाकट्या मालकांनी वहिनींना बोलावलं. चार महिने वहिनींनी चौदा हजार नावं धुतली, वाळवली, घड्या घातल्या. आधी वस्तू, मग जात, मग रंग, मग माप. विशेषणं नकोत, शिव्या नकोत, आणि गिऱ्हाइकाचं नाव तर अजिबात नको. डोळे चुरचुरायचे, पण मजा यायची. शेवटी ‘बेअरिंग’ टाइप केल्यावर सहाशे चाळीस ओळी खाली उतरल्या, तेव्हा वहिनींना आपण नदीला धरण घातल्यासारखं वाटलं.

अण्णांना मात्र आपल्या पोरांना कुणीतरी परस्पर दत्तक दिल्यासारखं वाटलं.

“पाववाला, वेफर्सवाला, धोबी... सगळ्यांना हाकललंस?” नवी यादी चाळत त्यांनी जेवताना विचारलं.

“अण्णा, गिऱ्हाईक पाववाल्याला शोधत नाही. पट्टा शोधतं.”

“आणि पट्टा कुठला ते कोण सांगणार?”

“माप सांगेल.”

“माप!” अण्णा म्हणाले, आणि ताटावरून उठले.

त्याला तीन आठवडे झाले होते. एकाच घरात, एकाच टेबलाशी बसून दोघं एकमेकांशी बोलत नव्हती. “त्यांना मीठ हवंय का विचारा,” वहिनी नवऱ्याला सांगायच्या. “तिला सांग, मला दिसतंय मीठ,” अण्णा सांगायचे. मधल्यामध्ये नवऱ्याचा टेलिफोन झाला होता, आणि तोही दोन्हीकडून बिल न भरलेला.

ही अबोल्याची गोष्ट इथेच सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यातून निघालं. नावं धुवून झाल्यावर तीनशे बारा जोड्या अशा निघाल्या, की ज्यांची जुनी नावं वेगळी आणि नवी नावं एकसारखी. वहिनींनी विचार केला, माल एकच, फक्त ज्या गिऱ्हाइकाचा खप मोठा त्याच्यासाठी अण्णांनी खोका वेगळा ठेवला असणार. बऱ्याच जोड्यांच्या बाबतीत ते खरंही होतं. तरीपण ती यादी अण्णांना एकदा दाखवावी, असं त्यांच्या मनात आलं होतं. दोनदा आलं होतं. दोन्ही वेळा त्यांनी यादीची घडी केली आणि पर्समध्ये ठेवली. मग गोडाऊनला हुकूम गेला, एक नाव, एक खोका.

नवी यादी सुरू होऊन चौथा दिवस. बुधवार, पावणेबारा वाजले होते. पाण्याचे पंप दुरुस्त करणारा एक जुना मिस्त्री काउंटरवर आला.

“वहिनी, तुमच्या रिंगांत भेसळ आहे.”

“रिंगेत कसली भेसळ? दूध आहे का ते?”

मिस्त्रीने खिशातून दोन काळ्या रबरी रिंगा काढून काउंटरवर ठेवल्या. तान्ह्या पोरीच्या बांगडीएवढ्या, बोटभर जाडीच्याही नाहीत. जन्मदात्या आईलाही वेगळ्या ओळखता येणार नाहीत इतक्या सारख्या. “ही घ्या हातात. आता ही घ्या. जड लागते ना? दहांत चार अशा निघाल्या. मला काय, पाण्याच्या पंपाला चालतात. पण म्हटलं सांगावं.”

वहिनींनी दोन्ही तळव्यांवर एकेक रिंग तोलली. मग संगणकाकडे वळल्या. ‘रिंग, रबर, काळी, ४० मिमी’. नव्या नावाखाली फिकट अक्षरांत जुनी नावं ठेवलेली होती. दोन होती. ‘काळी रिंग चाळीस’. आणि ‘वेफर्सवाल्याची काळी रिंग चाळीस’.

त्यांनी दुसरं नाव पुन्हा एकदा वाचलं. 

“पैलवान!” त्यांनी हाक मारली. पैलवान म्हणजे गोडाऊनचा माणूस, पन्नाशीचा, वजन रॅकवरच्या मोटारीपेक्षा कमी. “चाळीसच्या रिंगांचे दोन खोके होते ना?”

“होते. काल ओतले एकात. एक नाव, एक खोका. तुम्हीच म्हणालात.”

“वेगळ्या काढता येतील?”

“वहिनी, साखरेतून साखर कशी काढू?”

वहिनींनी सकाळच्या ऑर्डरी उघडल्या. पहिलीच होती वेफर्सच्या कारखान्याची. ‘रिंग, रबर, काळी, ४० मिमी, सहा नग’. नऊ वाजता पाकीट गेलं होतं. नेलं होतं त्यांच्याच नवऱ्याने.

तो कारखाना वहिनींनी पाहिला नव्हता, पण नवऱ्याकडून ऐकला होता. तेल कढईत नुसतं उकळत नाही, पंपाने फिरत राहतं, एकशेऐंशी डिग्रीचं, गाळून पुन्हा कढईत. पंपाशेजारीच करपलेले काप निवडायला बायका बसतात. “त्या तेलाचा वासच घरी येताना माझ्या शर्टात बसून येतो,” असं तो म्हणायचा.

वहिनींनी फोन लावला. तो गेटवरच्या पहारेकऱ्याने उचलला.

“फोरमनसाहेब आत आहेत. आत फोन नेता येत नाही. नियम आहे.”

“अहो, त्यांना सांगा, आज पंप सुरू करू नका.”

“पंप तर झाला बसवून. दोनला तेल तापवणार. कोण बोलतंय?”

“रिंगा पाठवणारी.”

“म्हणजे कोण? कंपनीचं लेखी आहे का?”

“तुम्ही आत जाऊन नुसतं सांगा ना!”

“गेट सोडता येत नाही, बाई. नियम आहे.”

बारा वाजून दहा मिनिटं. वहिनींनी रिसीव्हर ठेवला आणि तसाच पुन्हा उचलला. घरचा नंबर फिरवताना त्यांचं बोट दोनदा चुकलं.

“हॅलो.”

“मी बोलतेय.”

“मी म्हणजे?” अण्णांनी आवाज बरोब्बर ओळखला होता.

“अण्णा, वेफर्सवाल्याची रिंग.”

 पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज. “काय झालं तिला?”

“साध्या चाळीसमध्ये ओतली. त्यातल्या सहा सकाळी त्यांच्याकडे गेल्या. कुठल्या गेल्या ते कळत नाही. दोन वाजता तेल तापवणार आहेत.”

शिवी येईल म्हणून वहिनींनी डोळे मिटले. ती आली नाही.

“साधी रिंग गरम तेलात अर्धा तास धरते,” अण्णा म्हणाले. “पाऊण तास. मग बिस्किटासारखी कडक होते आणि तडकते. पंपाचा दाब मागे असतोच. तेल वाट मिळेल तिकडे उडतं.”

“पण हे कुठे लिहिलेलं नव्हतं, अण्णा!”

“नावात लिहिलं होतं. आपल्या गिऱ्हाइकांत दुसरं कोण एवढं तेल तापवतं?”

 अण्णांनी उत्तराची वाट पाहिली नाही. “ऐक. नुसत्या वजनावर जाऊ नकोस, घाईत हात फसवतो. कमरेएवढ्या उंचीवरून फरशीवर टाक. उडी मारून पळेल ती साधी. धप्पकन बसेल ती तेलाची. एकदा टाकून विश्वास ठेवायचा नाही. तीनदा टाक. सहा निवड, वर दोन जास्त घे, आणि स्वतः जा. फोनवर ऐकणार नाहीत ते.”

पुढची वीस मिनिटं दुकानात जे चाललं ते बाहेरून बघणाऱ्याला शाळेची मधली सुट्टी वाटली असती. वहिनी, पैलवान आणि पंपमिस्त्री कंबर ताठ करून उभे, आणि फरशीवर रिंगा. टप्, टप्, आणि साधी रिंग उसळून रॅकखाली पळायची. पैलवान पोटावर झोपून तिला ओढून काढायचा. “हिला शाळेत घाला, फार उनाड आहे,” मिस्त्री म्हणाला. कुणी हसलं नाही. मग एक पडली ती मटकन बसली, जागची हलली नाही. वहिनींनी ती उचलून पुन्हा टाकली. पुन्हा टाकली. मग पदरात ठेवली. अशा आठ जमेपर्यंत घड्याळात पाऊण वाजला होता, आणि धाकटे मालक बाहेरगावी असल्यामुळे ‘लेखी’ देणारं कुणी नव्हतं.

नवरा टेम्पो घेऊन दारात आला. त्याला पैलवानाने सगळं सांगितलं होतं. एरवी सिग्नललासुद्धा दोन विनोद करणारा माणूस, आज नजर रस्त्यावरून हटवत नव्हता. अर्धा रस्ता गेल्यावर म्हणाला, “पाकीट मीच दिलं. माझ्या हाताने. चहा पण घेतला त्यांचा.”

“तुम्हाला काय माहीत?”

“तेच तर. कुणालाच काय माहीत?”

पुढे एक लांबलचक ट्रेलर वळण घेत रस्त्यात आडवा झाला होता. तो पुढे जाईना, मागे येईना. वहिनींच्या मुठीत आठ रिंगा होत्या. एक वीस. एक पंचवीस. नवऱ्याने टेम्पो फुटपाथवर चढवला, एका चांभाराच्या छत्रीला वळसा घातला आणि पलीकडे उतरवला. चांभाराने त्यांना काय काय म्हटलं ते निम्मंच ऐकू आलं. निम्मं पुरेसं होतं.

गेटवर पहारेकऱ्याने रजिस्टर पुढे केलं. नाव, काम, वेळ. वहिनींनी ‘काम’ या रकान्यात ‘रिंग’ एवढंच लिहिलं आणि केसांवर कागदी टोपी ओढत आत पळाल्या. एक अडतीस.

आत गारवा आणि तेलाचा शिळा वास. लांबच लांब पोलादी कढई, तिच्या टोकाला पंप, पंपाशेजारी बाकावर चार बायका, हातमोजे घालून बसलेल्या. फोरमन ठेंगणा, जाडजूड, शांत माणूस. वहिनींचं सगळं त्याने ऐकून घेतलं. मग टेबलावरचं रिकामं पाकीट आणून त्यांच्यासमोर धरलं.

“हे तुमचंच ना? वाचा. ‘रिंग, रबर, काळी, चाळीस मिलिमीटर’. आम्ही हेच मागवलं. तुमच्या यादीत हेच आहे. पाकिटावर हेच आहे. इतकी वर्षं तुमच्याकडून माल घेतोय, इतकं स्वच्छ नाव पहिल्यांदा बघितलं. आता आणखी काय बरोबर पाहिजे?”

हेच वाक्य कुणा गिऱ्हाइकाच्या तोंडून ऐकायला वहिनी चार महिने झुरल्या होत्या.

“सहापैकी किती चुकीच्या आहेत?” फोरमनने विचारलं.

“माहीत नाही. एकही नसेल.”

“मग?”

“सगळ्याही असतील.”

“बाई, दोन टन बटाटा कापून पाण्यात पडलाय. पंप उघडायचा म्हणजे तास गेला. नाव बरोबर आहे, रंग बरोबर आहे, माप बरोबर आहे. तुमच्या नुसत्या शंकेवर मी—”

“ते नाव मी दिलंय,” वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. बाकावरच्या बायकांनी माना वळवल्या. “चौदा हजार नावं दिली. त्यातलं हे चुकलंय. माहिती होती ती मी खोडली. पाकिटाचं ऐकू नका, माझं ऐका.”

आणि त्यांनी मूठ उघडली. आठ रिंगा तेलाच्या होत्या. नववी, साधी, त्या येताना पर्समध्ये टाकून आल्या होत्या. कमरेएवढ्या उंचीवरून त्यांनी एक टाकली. धप्प. साधी टाकली. ती उसळली, दोनदा टणटणली आणि घरंगळत फोरमनच्या बुटाला जाऊन लागली.

फोरमन वाकला. त्याने ती उचलली, बोटांत फिरवली, स्वतः टाकली. मग दुसरी टाकली. मग पुन्हा पहिली. घड्याळाकडे त्याने पाहिलं नाही, वहिनींनी पाहिलं. दोनला आठ कमी.

“फिटरला बोलवा,” तो म्हणाला. “आणि तेलाला हात लावू नका कुणी.”

आठ बोल्ट. प्रत्येक बोल्ट जणू आयुष्यभरासाठी बसवलेला. फिटर पुटपुटत होता, त्याचा पाना घसरत होता, वहिनी जागच्या जागी उभ्या. शेवटी सहा रिंगा फडक्यावर आल्या. फिटरने पुसून एकेक टाकायला घेतली. पहिली, धप्प. दुसरी, धप्प. वहिनींना वाटलं, आपण वेड्या ठरणार, आणि देवा, तसंच होऊ दे. तिसरी उडाली.

 चौथी, धप्प. पाचवी, धप्प. सहावी इतकी उसळली की फिटरने ती हवेतच पकडली.

“ही कुठली?” फोरमनने विचारलं.

“वरच्या तोंडाची.” फिटरने हाताने दिशा दाखवली. हात बाकाकडे गेला.

त्या बाकाच्या टोकाला बसलेली बाई उठून तीन हात मागे सरकली.

नव्या रिंगा बसवून, बोल्ट आवळून व्हायला पावणेतीन झाले. बायकांना फोरमनने कँटीनला पाठवलं, आणि वहिनींना म्हणाला, “आता तेल तापेपर्यंत तुम्ही जायचं नाही.” वहिनी जाणार नव्हत्याच. पंपाच्या वरच्या तोंडाखाली फिटरने एक कोरा कागद ठेवला. काटा चढू लागला. ऐंशी. एकशेवीस. कढईवरची हवा थरथरायला लागली. एकशेऐंशीला काटा थांबला, आणि खरी वाट तेव्हा सुरू झाली, कारण अण्णांनी पाऊण तास म्हटलं होतं. वहिनी कागदाकडे बघत होत्या. इतक्या एकाग्रतेने त्यांनी आयुष्यात फक्त उतू जाणाऱ्या दुधाकडे पाहिलं होतं, आणि ते दूध नेमकं नजर हलली की उतू जायचं, म्हणून त्या नजर हलवत नव्हत्या. वीस मिनिटं. चाळीस. तासाने फोरमनने कागद उचलला, उजेडात धरला, उलटा केला. कोरडा होता.

“चहा घेणार?” त्याने विचारलं.

“नको. फोन करायचाय.”

गेटवरच्या फोनवर धाकटे मालक सापडले. “यादी बंद करा,” वहिनी म्हणाल्या.

“काय? वहिनी, चार दिवसांत दुप्पट ऑर्डरी आल्यात. लोक शोधतायत, सापडतंय. आणि बंद?”

“सापडतंय, पण काय सापडतंय ते आपल्याला माहीत नाही. एक जोडी आज समजली. तीनशे अकरा राहिल्यात. त्यांची यादी माझ्याकडे तीन आठवडे होती आणि ज्यांना दाखवायची त्यांना मी दाखवली नाही. चूक माझी आहे. पण बंद आत्ता करा, मला नंतर बोला.”

मालकांनी तोडगा काढला. “तीनशे अकरा बाजूला काढतो. बाकीचं राहू दे. बाजूला काढलेल्यांतलं एक पाकीटही बाहेर जाणार नाही. चालेल?”

“चालेल.”

“आणि किती दिवस लागतील?”

“विचारून सांगते,” वहिनी म्हणाल्या.

घरी पोचल्या तेव्हा उन्हं कलली होती. अण्णा फोनशेजारच्या खुर्चीतच होते. दुपारचं ताट तसंच झाकलेलं.

“किती उडाल्या?”

“दोन.”

“हं.” अण्णांनी मान हलवली. नवऱ्याने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, आपली गरज संपल्याचं ताडलं आणि पाय धुवायला गेला.

वहिनींनी पर्समधून यादी काढली आणि टेबलावर पसरली. घड्यांवर कागद फाटायला आला होता. पेन्सिल घेतली. “पहिली जोडी, अण्णा. ‘गिरणीवाल्याची चावी’ आणि ‘पितळी छोटी चावी’.”

अण्णांनी चष्मा लावला. “हे एकच आहे.”

“नक्की?”

“नक्की. मीच दोनदा लिहिलंय.” ते घसा साफ करून म्हणाले, “सर्दी झाली असेल तेव्हा मला.”

वहिनींनी जोडीसमोर खूण केली. दुसऱ्या जोडीवर अण्णा दहा मिनिटं बोलले. कुठला कारखाना, कुठला मिस्त्री, कोण कुणावर ओरडलं, स्प्रिंग का तुटायची. वहिनींनी त्यातून तीन शब्द लिहिले, ‘सतत ओल सोसणारी’.

“एवढंच?”

“गिऱ्हाइकाला एवढंच लागतं.”

“बरं. पुढे.”

तिसऱ्या जोडीशी अण्णा थांबले. ‘नर्सबाईंचा वॉशर’ आणि ‘पांढरा वॉशर बारा’. त्यांनी कागद जवळ घेतला, लांब धरला. छताकडे पाहिलं. ओठ हलले. नर्सबाई कोण, कुठल्या, कुठल्या यंत्राला त्यांनी तो वॉशर नेला होता? एक मिनिट गेलं, दोन गेली. वहिनींची पेन्सिल कागदावर टेकलेली, पण हलत नव्हती. बत्तीस वर्षं त्या डोक्याच्या भरवशावर तीन मजले चालले होते, आणि हे त्यांना आजवर एकदाही भीतीदायक वाटलं नव्हतं.

“लिही,” शेवटी अण्णा हळूच म्हणाले, “मला आठवत नाही.”

वहिनींनी नावासमोर लिहिलं, ‘खोका उघडून बघणे’. मग उठून फोनकडे गेल्या, पैलवानाला सांगायला, की पांढऱ्या वॉशरांचा खोका ओतला असेल तर आत्ताच सांगा, आणि नसेल तर सकाळी अण्णांना घेऊन येतेय, तोवर त्याला हात लावू नका.